धावणाऱ्यांची संगत

धावणे ही गोष्ट आपल्या घरांतून आजवर फारशी प्रतिष्ठेची मानली गेली नाही. मुलांनी धावावे, तेही अंगणात. मोठ्या माणसाने धावावे ते गाडी सुटत असेल तर. व्यायाम म्हटला म्हणजे सूर्यनमस्कार, जोर, बैठका, फार तर पर्वती चढून उतरणे, अशीच आपली समजूत. शाळकरी वयात शर्यतीत बक्षिसे मिळविलेला गृहस्थदेखील एकदा नोकरीस चिकटला की पायांचा उपयोग कचेरीच्या जिन्यापुरता करी, आणि आता तर त्या जिन्याचे कामही विजेच्या पाळण्याने पत्करले आहे. अशा या आपल्या समाजातील चाळिशी-पन्नाशीची माणसे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पहाटे उठून, पायांत जोडे चढवून, दोन दोन तास रस्त्यावर धावू लागली आहेत. आणि विशेष हे की, ती एकेकटी धावत नाहीत, मंडळे करून धावतात. या बदलाकडे केवळ एक नवे खूळ म्हणून पाहणे आम्हांस बरोबर वाटत नाही.

त्याचे बाह्य कारण उघड आहे. पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईत २००४ साली. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्ध मॅरेथॉन २०१२ पासून होऊ लागली. पूर्वी अशा शर्यती म्हणजे निवडक खेळाडूंनी धावावे व इतरांनी कडेला उभे राहून टाळ्या पिटाव्यात असा प्रकार असे. आता हजारो सामान्य माणसे पहिल्या क्रमांकाची यत्किंचितही आशा न धरता त्यांत उतरतात. परंतु वर्षातून एका दिवसाच्या शर्यतीसाठी उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कोणाच्या तरी सोबतीने घालवावे लागतात. धावण्याचे क्लब उदयास आले ते या गरजेतून, आणि खरी मौज त्या तीनशे चौसष्ट दिवसांतच आहे.

पुण्याच्या पश्चिमेस हिंजवडीची काचेची कार्यालये मागे टाकून नेऱ्यावरून एक रस्ता मुळशी तालुक्यातील कासारसाईकडे जातो. कासारसाईचे धरण मातीचे आहे. त्याच्या जलाशयाभोवती डोंगर, खाली उसाचे मळे व भातखाचरे, आणि जवळच संत तुकाराम सहकारी साखर कारखाना. शहराच्या इतक्या जवळ असूनही जेथे रस्त्याला चढउतार आहे व हवेला गारवा आहे असे हे स्थळ असल्यामुळे सायकलवाल्यांनी व धावणाऱ्यांनी ते हेरले नसते तरच नवल. आमची एक भाची हिंजवडीत नोकरीस असून शेजारीच सासरी राहते. गेली तीन वर्षे ती अशाच एका मंडळाबरोबर आठवड्यातून तीन दिवस धावावयास जाते. मंगळवारी व गुरुवारी घराजवळ, रविवारी कासारसाईस. मंडळाचे नाव देण्याचे कारण नाही, कारण त्यात जे आम्ही पाहिले ते थोड्याफार फरकाने अशा बहुतेक मंडळांत दिसते असे जाणकार सांगतात.

पहिली गोष्ट नजरेत भरली ती ही की, ही माणसे धावताना बोलतात. आम्हांस वाटे, धावणारा मनुष्य धापा टाकीत, दातओठ खात पुढे जात असावा. येथे पाहावे तो चौघे-पाचजण एका ओळीत, सावकाश, जणू देवळाच्या ओट्यावर बसल्यासारखे गप्पा करीत चाललेले. आम्ही भाचीस म्हटले, "अगं, हे धावणे आहे की फिरणे?" ती म्हणाली, "मामा, बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे, हाच पहिला नियम आहे आमचा. ज्याला बोलता येत नाही त्याला मागे ओढायचे."

या नियमास इतिहास आहे, आणि तो सांगण्यासारखा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी आर्थर लिडियार्ड नावाचा एक शिक्षक होता. पोटासाठी तो पादत्राणांच्या कारखान्यात काम करी आणि फावल्या वेळात आसपासच्या मुलांस धावावयास शिकवी. १९६० साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल व मरे हॅलबर्ग यांनी, एकाच दिवशी सुवर्णपदके मिळविली. एवढे नाव झाल्यावर दुसरा कोणी विजेत्यांच्याच मागे लागला असता. लिडियार्ड मात्र १९६२ च्या सुमारास ऑकलंडमधील वयस्क, स्थूल, त्यांपैकी काही तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या गृहस्थांस घेऊन धावावयास निघाला. त्या काळी हृदयाच्या रोग्यास अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला मिळे. लिडियार्डने या मंडळींस अट घातली ती एवढीच की, शेजाऱ्याशी बोलता येईल इतके हळू धावा. सर्वसामान्य माणसांसाठी निघालेला, सावकाश धावण्याचा हा बहुधा पहिला क्लब. त्याच वर्षाच्या अखेरीस बिल बोवरमन नावाचा अमेरिकन शिक्षक तेथे पाहुणा म्हणून आला. आपण पन्नाशीतही धडधाकट आहोत अशी त्याची समजूत होती. परंतु त्या क्लबाबरोबर टेकडीवर धावताना तो इतका मागे पडला की, सत्तरी ओलांडलेल्या व हृदयविकारातून उठलेल्या एका सद्गृहस्थाने दयाबुद्धीने मागे राहून त्यास सोबत केली. बोवरमन मायदेशी परतला तो हे वेड घेऊनच. १९६७ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले आणि पाहता पाहता अमेरिकेत हा प्रकार घरोघर गेला. आज कासारसाईच्या रस्त्यावर जो नियम पाळला जातो तो असा हृदयरोग्यांच्या संगतीतून आलेला आहे.

शरीरशास्त्रदृष्ट्याही तो नियम सयुक्तिक आहे. हृदय व फुप्फुसे नव्या श्रमास काही आठवड्यांत सरावतात. कंडरा व हाडे यांस त्याकरिता कित्येक महिने लागतात. त्यामुळे नवशिक्यास दुसऱ्याच महिन्यात वाटू लागते की, आपल्यात घोड्याचे बळ आले, आणि तिसऱ्या महिन्यात तो नडगी धरून बसतो. एकटा धावणारा मनुष्य या मोहास हटकून बळी पडतो. सोबत असली म्हणजे शेजारी धावणाऱ्या अनुभवी माणसाचा संथ श्वास त्यास आपोआप आवर घालतो. अर्थात पस्तीस-चाळिशीनंतर आरंभ करणाऱ्याने, विशेषतः घरात मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर, आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी हे सांगावयास नकोच. आमच्या माहितीतील मंडळात त्याविना प्रवेश मिळत नाही.

परंतु या बोलत धावण्याचा परिणाम शरीरापेक्षा मनावर अधिक होतो, असे आमचे निरीक्षण आहे. दोन माणसे समोरासमोर बसली की बोलण्यास एक संकोच असतो. एकमेकांच्या खांद्याशी खांदा लावून, दोघांचीही दृष्टी पुढील रस्त्यावर ठेवून चालले किंवा धावले म्हणजे तो संकोच गळतो. घरी बायकोजवळही न काढलेले दुःख एखादा गृहस्थ सातव्या किलोमीटरास सहज बोलून जातो. नोकरी गेलेली असते, मुलगा ऐकत नसतो, वडिलांचा विसर वाढत चाललेला असतो. शेजारचा काही उपाय सांगतो असे नाही. तो नुसता बरोबर धावतो.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस यातील आणखी एक मर्म लवकर उमगेल. आपल्या घरी प्रत्येकास एक नाते आहे व त्या नात्याचे एक ओझे आहे. एकजण थोरला, म्हणून त्याने कधी डगमगू नये. एकजण धाकटा, म्हणून त्याचे मत कोणी विचारू नये. एक सून, तिने सर्वांच्या आधी उठावे व सर्वांच्या नंतर जेवावे. कचेरीत जावे तर तेथे साहेब व हाताखालचा असे दुसरे नाते उभेच. या मंडळात मात्र मनुष्य ओळखला जातो तो केवळ त्याच्या चालीवरून. मोठ्या कंपनीचा व्यवस्थापक सावकाश धावणाऱ्यांच्या तुकडीत असतो आणि त्याच कंपनीच्या फाटकावरील पहारेकरी जलद तुकडीत, आणि चढावर पहिला दुसऱ्यास विचारतो, "जरा सांगा हो, श्वास कसा ठेवता?" हा प्रश्न त्या व्यवस्थापकाने गेल्या वीस वर्षांत कोणास विचारला नसेल. व्यक्तीची वाढ वाढ म्हणून जी म्हणतात ती आम्हांस या एका प्रश्नात अधिक दिसली; पदकांत तितकी दिसली नाही.

पदकांविषयी येथेच लिहून टाकतो. अशा मंडळांतून एक हौसही बोकाळली आहे. मनगटावरील घड्याळ हृदयाचे ठोके मोजते, पावले मोजते, झोपही मोजते; आणि ते आकडे मित्रमंडळींत प्रसिद्ध केल्याविना काहींस चैन पडत नाही. ज्याच्या पायांत जितके महाग जोडे तितका तो मोठा धावक, असाही एक समज आहे. शर्यतींची वर्गणी, सदरे, परगावचा मुक्काम यांचा हिशेब केला तर मध्यम स्थितीच्या कुटुंबास तो खर्च डोईजड होईल. चांगल्या मंडळांत या हौसेची थट्टा होते. ज्या मंडळात ती होत नाही तेथे आपल्या मुलाबाळांस पाठविण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आता भाचीच्या घरची हकीकत. ती तिच्या परवानगीनेच देत आहोत. तिने प्रथम हा विषय काढला तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, पहाटे साडेचारला घराबाहेर पडायचं म्हणजे काय? दूधवालासुद्धा आलेला नसतो त्या वेळी."

"आई, सात-साडेसातला परत येते ना. भाजी रात्रीच चिरून ठेवीन, कणीकही भिजवून ठेवीन."

"भाजी-कणकेचं कोण बोलतंय? रस्त्यात अंधार, कुत्री, भरधाव गाड्या. तुझ्या आईला मी काय सांगू?"

सासूबाई मराठीच्या शिक्षिका म्हणून एका शाळेतून निवृत्त झालेल्या, चार पुस्तके वाचलेल्या. त्यांचा विरोध सुनेने घराबाहेर पडण्यास नव्हता. त्यांस वाटत होती ती भीती, आणि भीती खोटी नव्हती. अशा वेळी कित्येक घरांत एक तर वाद होतो किंवा सून मुकाट्याने बेत सोडून देते. येथे मंडळातील दोन वडीलधाऱ्या बायका एके दिवशी संध्याकाळी घरी येऊन बसल्या. कोण कोण येतात, त्यांची नावे कोठे टिपून ठेवतात, कोणीही बाई रस्त्यावर एकटी कशी राहत नाही, सर्वांच्या मागे एक अनुभवी मनुष्य मुद्दाम कसा ठेवलेला असतो व तो शेवटची व्यक्ती परत आल्याविना घरी कसा जात नाही, अंगावर चकाकणारे पट्टे का घालतात, हे सारे त्यांनी सांगितले. सासूबाईंनी बारा-पंधरा प्रश्न विचारले व शेवटी म्हणाल्या, "महिनाभर पाहू." त्या महिनाभरात घरी जी क्रांती झाली ती अशी की, रविवारचा चहा त्यांच्या चिरंजीवांस करावा लागला. तो चहा कसा होतो याविषयी सासूबाईंनी आमच्याजवळ मौन पाळले.

स्त्रियांनी लांब अंतर धावण्यास जगाने फार उशिरा संमती दिली आहे, हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६६ साली बॉबी गिब ही तरुणी नाव न नोंदविता, आरंभी झुडपांत दडून राहून, शर्यतीत शिरली. पुढील वर्षी कॅथरिन स्वित्झर हिने केवळ आद्याक्षरांनिशी नाव नोंदविले, तेव्हा शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने धावता धावता तिचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथम झाली ती १९८४ साली. तेव्हा आपल्या घरातील सासूबाईंनी महिनाभराची मुदत मागितली म्हणून त्यांस मागासलेल्या ठरविण्याचे कारण नाही.

स्त्रियांविषयी एक सूचना मात्र आग्रहाने करावीशी वाटते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे आढळून आले. याचा अर्थ, चढावर ज्या बाईस धाप लागते तिचा दोष सरावात नसून पुष्कळदा रक्तात असतो. धावण्यास आरंभ करण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि उपासतापासांच्या दिवशी दौड टाळावी. आमच्या भाचीच्या मंडळात श्रावणातील सोमवारी कोणी लांबचा बेत ठेवीत नाही. ही समजूत कोठल्या इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही.

पुष्कळांस हे क्लब म्हणजे साहेबी थेर वाटतात. क्लब हा शब्द परका आहे खरा, पण वस्तू तितकी परकी नाही. कासारसाईहून देहू दूर नाही, आळंदीही फार दूर नाही. दरवर्षी आषाढीस तेथून निघणाऱ्या पालख्यांबरोबरच्या दिंड्या ज्याने पाहिल्या आहेत त्यास पुढील वर्णन ओळखीचे वाटेल. ठरलेला क्रम, ठरलेले मुक्काम, पुढे पताका, मध्ये टाळकरी, कोणाच्या डोक्यावर तुळशीवृंदावन, कोणाच्या डोक्यावर पाण्याचा हंडा, आणि वीणेकऱ्याच्या चालीने सर्वांची चाल. जलद चालणाऱ्यास दिंडीत पुढे पळता येत नाही. थकलेल्यास मागे टाकून कोणी जात नाही. वारीत चालणेच आहे असेही नव्हे. रिंगणात अश्वामागून वारकरी धावतात. आणि वेळापूरच्या अलीकडे एका टेकडीवरून सारी दिंडी उतारावर धावत सुटते, त्यास धावा असेच नाव आहे. तुकोबांस तेथून पंढरीच्या देवळाचे शिखर दिसले व ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. ऐंशी वर्षांची म्हातारी तो धावा चुकवीत नाही. क्लबाची मंडळी आणि दिंडी यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. एकीकडे विठ्ठल आहे आणि दुसरीकडे रक्तातील साखर. परंतु शेकडो पायांची चाल एक कशी करावी व मागच्यास कसे सांभाळावे हे कसब या भूमीत जुने आहे, आणि कासारसाईच्या मंडळातील जो मनुष्य सर्वांच्या मागे राहतो त्यास आम्ही त्याचा गुरू विचारला तेव्हा तो म्हणाला, "आमच्या आजोबांची दिंडी."

येथवर सर्व गोड झाले. आता जी गोष्ट आम्हांस खटकली ती.

त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, आणखी काही मुले धावत असतात. त्यांच्या अंगात चकाकणारे पट्टे नसतात. कित्येकांच्या पायांत जोडेही धड नसतात. ही आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत असतात. भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धावावे लागते, आणि त्यातील काही सेकंदांवर गुण, गुणांवर नोकरी, नोकरीवर घरातील चारपाच माणसे अवलंबून असतात. शहरातील मंडळी प्रकृतीसाठी सावकाश धावतात, ही मुले पोटासाठी जीव तोडून धावतात. महिनोन्‌महिने दोघे एकमेकांस ओलांडून जात; फार तर मान हलवीत. मोटारी मात्र मंडळींच्या, त्या उभ्या असत शेताच्या बांधालगत. आणि पाण्याच्या बाटल्या कित्येकदा मागे राहत. गावकऱ्यांनी याविषयी तोंडावर काही म्हटले नाही, हा त्यांचा सभ्यपणा.

हे पाहून आम्हांस शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी सामने झाले. जिमखाना १९०६ सालचा, आणि त्या वेळी त्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. पुढे १९२९ साली ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या एका पत्रात दोराबजींनी त्या सामन्यांची हकीकत दिली आहे. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे पोर, खाणे साधे, शर्यतीचे आधुनिक नियम ठाऊक नाहीत, पाय अनवाणी. आणि लांब अंतराच्या शर्यतीत त्यांनी घेतलेला वेळ मात्र युरोपातील धावकांच्या तोडीचा. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्याने यातून १९२० साली बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानचा छोटा संघ गेला. बेळगावकडील फडेप्पा दरेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन धावले. त्या वर्षी शर्यतीचे अंतर नेहमीपेक्षाही अधिक, पावणेत्रेचाळीस किलोमीटर, होते. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. फिनलंडचा विजेता कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पोहोचला होता. एका गरीब, परतंत्र देशाच्या पहिल्याच प्रयत्नास हे यश थोडे नव्हते.

जिमखान्याच्या चालकांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु त्या चित्रात घड्याळ हाती धरून खुर्चीवर बसलेला वर्ग कोणता व मातीत धावणारा कोणता, हे विसरता येत नाही. शंभर वर्षांनी शिकलेला वर्ग स्वतः खुर्चीवरून उठून धावू लागला, ही प्रगतीच. मात्र ज्याच्या पायांत जन्मजात वेग आहे त्याच्याकडे पाहावयाचे तो विसरला. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या शेतकरी घरातील अविनाश साबळे सैन्यात भरती झाले, तेथे त्यांच्या धावण्याकडे कोणी तरी लक्ष दिले, आणि २०२३ साली हांगझो येथील आशियाई स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ते सुवर्णपदक घेऊन आले. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. मांडवा व मोही ही दोन्ही गावे पावसाने सदा उपेक्षिलेली. अशी मुले कोणत्या बांधावर धावत असतील हे कोणी सांगू शकत नाही; म्हणून तर त्या बांधावरून जाणाऱ्याने मान हलवून पुढे जाऊ नये.

आम्ही हे भाचीजवळ बोललो तेव्हा ती जरा ओशाळली व मग म्हणाली, "मामा, आमच्यात हे बोलणं गेल्या दिवाळीपासून चाललंय. तुम्ही पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात आम्ही गेलो.

आरंभ मुलांकडूनच झाला होता. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची पहाटेपासून रीघ लागते, आणि अंधारात त्यांच्यामधून धावणे धोक्याचे होते. एका मुलाने भाचीस थांबवून सांगितले, "ताई, या बाजूनं नका पळू, गाड्या उलट्या येत्यात. कालव्याच्या कडंनं वाट हाय." ती वाट मंडळींस तीन वर्षांत कोणी दाखविली नव्हती, कारण कोणास विचारलीच नव्हती. मग बोलणे सुरू झाले. मंडळातील एका अभियंत्याने फीत लावून सपाट रस्त्यावर १६०० मीटर अचूक मोजून दिले. मुलांचा आजवरचा अंदाज सत्तर-ऐंशी मीटरांनी चुकत होता, म्हणजे त्यांची वेळ त्यांच्या समजुतीहून बरी निघाली. चुन्याच्या रेघा मारल्या. गुरुवारी सकाळी दोघेजण घड्याळ घेऊन तेथे उभे राहतात. जुने परंतु टिकाऊ जोडे गोळा झाले. मुलांनीही या शहरी माणसांस आपल्या बरोबर एकदा १६०० मीटर वेगाने धावविले. त्या दिवशी व्यवस्थापक महाशय बोलता बोलता धावू शकले नाहीत, इतकेच सांगतो.

मात्र मैदानात उत्तम गुण मिळवूनही काही मुले लेखी परीक्षेत अडखळत होती. त्या परीक्षेत गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण असे विषय असतात. गणिताला मंडळात माणसे भरपूर. व्याकरणाचे नाव काढताच संगणकावर आयुष्य घालविलेली सारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. तेव्हा भाचीने घरी जाऊन सासूबाईंस विचारले.

हल्ली रविवारी त्याही मोटारीत बसून कासारसाईस येतात. सून धावावयास जाते, त्या धरणाच्या अलीकडे एका देवळाच्या ओट्यावर सतरंजी घालून बसतात. सात-आठ मुले व तीन मुली धावून आल्यावर तेथे जमतात. त्यांच्या शिकविण्यात ढिलाई नाही; एका मुलास त्यांनी आमच्यादेखत एकच वाक्य पाच वेळा लिहावयास लावले. समास संपले, प्रयोग चालू आहेत. कर्मणी प्रयोग मुलांस अजून नीट साधत नाही, म्हणून पुढील दोन रविवार त्याच्याकडे ठेवले आहेत.